आई म्हणाली, माणसं मेणाची दिसतायत

नवा टीव्ही भिंतीवर चढून दोन दिवस झाले होते आणि ब्लू-रे प्लेअर त्याच संध्याकाळी खोक्यातून बाहेर आला होता. वायर जोडली, डिस्क आत सरकवली, दिवे मालवले आणि आईला म्हटलं, "आता बघ." तिने दहा मिनिटं निमूट बघितलं. मग म्हणाली, "छान आहे रे, पण माणसं मेणाची दिसतायत."

राग आला, कारण मलाही तेच दिसत होतं. नायकाच्या गालावर एक सुरकुती नाही. तो चालायचा तेव्हा पाय जमिनीला टेकत नसल्यासारखा सरकायचा. चित्र स्वच्छ होतं यात वाद नाही, पण सिनेमा बघतोय असं वाटत नव्हतं. शूटिंग चालू असताना कुणी बाजूला उभं राहून हँडीकॅमने टिपून आणलंय असं वाटत होतं. धाकट्याने लगेच निकाल दिला, "दादा, डिस्क डुप्लिकेट असणार."

म्हणून मी सुरुवात डिस्कपासून केली. चुकीच्या ठिकाणी केली, पण त्यामुळे एक मजेशीर गोष्ट बघायला मिळाली. टेबललॅम्पखाली मी एक जुनी सीडी, एक डीव्हीडी आणि ही ब्लू-रे शेजारी शेजारी ठेवली आणि हलकेच तिरकी करत गेलो. सीडीवर इंद्रधनुष्य नुसतं सांडतं. डीव्हीडीवर ते जरा आखडतं. ब्लू-रेवर जवळजवळ नाहीच. निळसर काळा आरसा, त्यात माझाच चेहरा. कारण डिस्कवरच्या रेघांतलं अंतर. सीडीवर दोन रेघा १.६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) अंतरावर असतात, डीव्हीडीवर ०.७४, आणि ब्लू-रेवर ०.३२. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या, म्हणजे ब्लू-रेच्या रेघा त्यांच्यापेक्षाही दाट. प्रकाशाला रंग फोडायला तिथे फटच उरत नाही.

इतक्या बारीक रेघा वाचायच्या तर वाचणारा किरणही तसाच बारीक हवा. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे ०.७८ मायक्रॉनचा, डीव्हीडीचा ६५० चा लाल, आणि ब्लू-रेचा ४०५ चा, निळा-जांभळा. नावातला 'ब्लू' तो हाच. त्यामुळे त्याच १२ सेंटिमीटरच्या चकतीवर डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात तर हिच्यात २५, दोन थर असतील तर ५०. आणखी एक तपशील मला फार आवडला: डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेत फक्त ०.१. म्हणजे माहिती जवळपास उघड्यावरच. ओरखड्यांची धास्ती इतकी होती की २००३ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या रेकॉर्डरच्या डिस्क प्लॅस्टिकच्या बंद डबीतून येत. पुढे वरून कडक लेप द्यायचं तंत्र जमलं आणि डबी गेली. माझ्या डिस्कवर सुतळीएवढाही चरा नव्हता. डिस्क निर्दोष सुटली.

मग संशय प्लेअरवर. तो परत करायचा म्हणून खोकं शोधेपर्यंत मजल गेली होती. पण त्याच रात्री टीव्हीवर एक जुना सिनेमा ऑनलाइन लावला, तर त्यातलीही माणसं मेणाचीच. प्लेअर तर बंद होता! म्हणजे गडबड टीव्हीतच.

रिमोट घेऊन सेटिंगमध्ये उतरलो. पिक्चर, त्यात अॅडव्हान्स्ड, त्यात मोशन. तिथे ते बटण चालू होतं. प्रत्येक कंपनीने त्याचं नाव वेगळं ठेवलंय, कुणी 'स्मूथ' म्हणतं, कुणी 'फ्लो', पण काम एकच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्हीला ते कमी वाटतं, म्हणून तो दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतःच्या अंदाजाने बनवून घुसवतो. क्रिकेट बघताना बरं वाटतं. सिनेमात मात्र ती तरंगती चाल येते. शेजारीच 'नॉइज रिडक्शन' होतं, तेही चालू. फिल्मवर चित्रीकरण केलेल्या सिनेमाला एक बारीक रवा असतो, ग्रेन म्हणतात तो. टीव्ही त्याला कचरा समजून पुसत होता, आणि रव्याबरोबर गालाची कातडीही पुसली जात होती. मेण असं तयार होत होतं.

दोन्ही बंद केली. आईला हाक मारली. तीच डिस्क, तोच प्रसंग. "आता माणसं झाली," म्हणाली आणि उठून गेली.

हा उपद्रव इतका जुना आहे की दिग्दर्शकांच्या तक्रारीनंतर २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या संस्थेने 'फिल्ममेकर मोड' नावाची सोयच जाहीर केली. ती निवडली की हे सगळे उद्योग एका फटक्यात बंद. माझ्या टीव्हीत ती नव्हती, त्यामुळे एकेक नळ हाताने बंद करावा लागला. ज्यांच्या टीव्हीत आहे त्यांनी पुढची मेहनत अर्धी वाचली असं समजावं.

पण एक दुखणं गेलं की दुसरं दिसायला लागतं. कॅमेरा हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे फिरला की चित्र आता अडखळायचं. टक्, टक-टक, टक्, टक-टक. मला वाटलं हा २४ फ्रेमचाच गुण. थोडासा तो होताही, पण एवढा नाही. प्लेअर चित्र सेकंदाला ६० फ्रेमच्या ठेक्यावर पाठवत होता. २४ चे ६० करायचे तर प्रत्येक फ्रेम अडीच वेळा दाखवावी लागेल, आणि अर्धी फ्रेम तर दाखवता येत नाही. मग एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, परत दोनदा, असं लंगडत जायचं. तबल्यावर बसलेल्याला विचारा, असा ठेका किती वेळ ऐकवेल. प्लेअरच्या मेनूत '१०८०पी २४' नावाची एक ओळ होती, ती 'ऑफ' होती. 'ऑटो' केली. टीव्हीचा पॅनेल १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र रंगवणारा असल्यामुळे आता प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दिसते आणि लंगडणं थांबलं.

रंगांचं भांडण त्यापेक्षा लांबलं. टीव्ही 'व्हिविड'वर होता, दुकानात शंभर दिव्यांच्या उजेडात शेजारच्या टीव्हीवर मात करायला तो तसाच ठेवलेला असतो. मी 'सिनेमा' केला, कलर टेंपरेचर 'वॉर्म' केलं, तर घरात बंड. धाकटा म्हणाला, "टीव्हीला कावीळ झालीय." मलाही पहिल्या दिवशी पिवळंच वाटलं. पण सिनेमाचे रंग ज्या मॉनिटरवर ठरवले जातात तिथलं पांढरं हे साधारण ६५०० केल्विनचं धरलेलं असतं, आणि 'वॉर्म' त्याच्या जवळ जातं. 'व्हिविड'मधलं पांढरं निळीत बुडवलेल्या सदऱ्यासारखं. मी फक्त आठवडाभर कुणी रिमोटला हात लावायचा नाही एवढं मागून घेतलं. चौथ्या दिवशी गुपचूप 'व्हिविड' लावलं, तर धाकटाच ओरडला, "हे निळं काय झालं?" त्यानंतर या विषयावर चर्चा झाली नाही.

शार्पनेसची पट्टी मात्र मी स्वतः वाढवून ठेवली होती, हे कबूल करतो. शार्प म्हणजे चांगलं, अशी आपली समजूत. टीव्हीच्या जवळ जाऊन बघितलं तेव्हा नायिकेच्या केसांच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ होती, जणू कुणी कात्रीने कापून आकाशावर चिकटवलीय. शार्पनेस वाढवलं की टीव्ही नवा तपशील आणत नाही, कडेला फक्त चुना लावतो. पट्टी खाली आणत गेलो आणि रेघ गायब झाली तिथे थांबलो.

या सगळ्यात मला खरं काही कळलं असेल तर ते एका फोटोमुळे. कॉम्प्युटरवर बरोबर १९२० बाय १०८० आकाराचं एक चित्र बनवलं. चहूबाजूंनी एकच पिक्सेल जाडीची लाल चौकट, आणि मधल्या एका चौकोनात एक पिक्सेल काळा, एक पांढरा, अशा उभ्या रेघा. पेन ड्राइव्हवर टाकून प्लेअरमधून दाखवलं. लाल चौकट कुठेच नाही! चारही बाजू पडद्याबाहेर. आणि मधल्या चौकोनात सरळ रेघांऐवजी रेशमी कापडावर दिसतात तशा लाटा. टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापत होता. जाड काचेच्या जुन्या टीव्हीच्या काळात कडा वेड्यावाकड्या यायच्या, त्या झाकायला ही प्रथा पडली, आणि सपाट टीव्ही आले तरी ती चिकटून राहिली. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. दुष्परिणाम नुसता कडा जाण्यापुरता नाही. डिस्कवरच्या प्रत्येक फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल जसेच्या तसे असताना टीव्ही ते ताणून नव्याने वाटणी करतो, म्हणजे सगळंच चित्र किंचित पुसट. हे बंद करायचं सेटिंग पिक्चरमध्ये नव्हतंच, ते स्क्रीन साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' अशा न कळणाऱ्या नावाखाली दडलेलं. ते लावताच चारी बाजूंनी लाल रेघ उभी राहिली, नाकासमोर केसाएवढी, आणि मधल्या रेघा दोरीने आखल्यासारख्या सरळ झाल्या. त्या फोटोकडे मी जितका वेळ बघत बसलो तितका कुठल्या सिनेमाकडे बसलो नसेन.

तरीसुद्धा सोफ्यावर मागे जाऊन बसलो की ब्लू-रे आणि डीव्हीडी यांत हाडाचा फरक दिसेना. तेव्हा टेप काढली. टीव्ही ५५ इंची, म्हणजे रुंदीला १२२ सेंटिमीटर. आम्ही बसायचो साडेतीन मीटरवर. निरोगी डोळ्याला अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, एवढं वेगळं दिसतं असं धरलं तर या पडद्यावरचे १०८० चे पिक्सेल सुटे दिसायला २.२ मीटरवर यायला हवं. साडेतीन मीटरवरून निम्म्याहून अधिक तपशील वाटेतच विरत होता. चित्रपटाच्या तंत्रज्ञांमध्ये पडद्याने डोळ्यासमोर किमान ३० अंश व्यापावे असा आडाखा आहे. तो लावला तरी उत्तर येतं २.३ मीटर. फोर-के टीव्हीचे, म्हणजे रुंदी-उंचीत दुप्पट दाट असलेले पिक्सेल सुटे बघायचे तर मीटरभरावर यावं लागेल, तसं कुणी बसत नाही. फोर-केमधला खरा फायदा रंगांचा आणि उजेडाचा, पिक्सेलचा नंतर, असं माझं मत त्या टेपमुळे झालं.

सोफा पुढे आला. मागे जागा उरली म्हणून आई खूश, तिथे तिने शिवणयंत्र ठेवलं.

आवाजाचं प्रकरण वेगळंच. प्लेअरची वायर टीव्हीला, टीव्हीची ऑप्टिकल वायर (फक्त आवाज नेणारी) रिसीव्हरला, म्हणजे स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राला, अशी माझी जोडणी होती. पाच स्पीकर आणि एक वूफर मांडून ठेवलेला, आणि मागचे दोन मुके. काही टीव्हींची खोड असते, एचडीएमआयने, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या वायरीने आलेला आवाज ऑप्टिकलमधून पुढे देताना दोनच चॅनेलचा करून द्यायचा. माझा त्यातलाच. शिवाय ऑप्टिकल वायरीत दाबून लहान केलेला ५.१ चा आवाज मावतो, ब्लू-रेवरचा न दाबलेल्याइतका शुद्ध डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मावतच नाही. टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच उलट रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या एआरसी सॉकेटचंही तेच रडगाणं. ते २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर आलेल्या ईएआरसीने सोडवलं.

तेव्हा प्लेअरची वायर थेट रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला अशी उलटापालट केली. मागचे स्पीकर बोलायला लागले. पण रिसीव्हरच्या छोट्या खिडकीत 'ट्रूएचडी' उमटायचं ते उमटेना, नुसतं 'डॉल्बी डिजिटल'. डिस्कच्या कव्हरवर तर ट्रूएचडीचा शिक्का. दोन रात्री गेल्या. दोषी निघालं 'सेकंडरी ऑडिओ' नावाचं सेटिंग. सिनेमा चालू असताना कोपऱ्यात दिग्दर्शकाची बडबड किंवा मेनूचे टिकटिक आवाज मिसळता यावेत म्हणून प्लेअर मूळ आवाज उघडतो, त्यात ते मिसळतो आणि परत दाबून पाठवतो. ती टिकटिक ऐकण्यासाठी मी सगळा आवाज गहाण ठेवला होता. 'ऑफ' केलं, खिडकीत अक्षरं उमटली, आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

संवाद बारीक आणि स्फोट कानठळ्या, ही तक्रार तरी उरलीच. मधला स्पीकर मी टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकलून ठेवला होता आणि पुढे डिस्कची चळत. संवाद बहुतेक त्याच एका स्पीकरमधून येतात. त्याला कप्प्याच्या कडेपर्यंत ओढलं, खाली रबराचा तुकडा देऊन तोंड किंचित वर केलं, आणि रिसीव्हरमध्ये त्याची पातळी तीन डेसिबलने वाढवली. रात्री सगळे झोपले असले की बारीक आणि मोठ्या आवाजातली तफावत कमी करणारा 'नाइट' मोड लावतो; शुद्धतावादी मंडळी नाकं मुरडतात, पण त्यांच्याकडे बहुधा पलीकडच्या खोलीत झोपलेलं कुणी नसतं.

काही वर्षांनी टीव्ही फोर-केचा झाला, प्लेअर अल्ट्रा एचडीचा, म्हणजे फोर-के ब्लू-रेचा झाला. या डिस्क २०१६ मध्ये बाजारात आल्या, ६६ किंवा १०० जीबीपर्यंतच्या. आता मी शहाणा झालो होतो, असं मला वाटत होतं. पहिली डिस्क लावली, चित्र सुरेख आलं, सगळ्यांनी वा वा केली. सहज टीव्हीचं 'इन्फो' बटण दाबलं तर लिहिलेलं, १९२० बाय १०८०. मधला रिसीव्हर जुना होता. या डिस्कना एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं, आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्राकडे त्याची किल्ली लागते. रिसीव्हरकडे नव्हती म्हणून प्लेअर कुणालाही न सांगता एक पायरी खाली उतरला होता. सुदैवाने प्लेअरला एचडीएमआयची दोन तोंडं होती: एक थेट टीव्हीला चित्रासाठी, दुसरं रिसीव्हरला फक्त आवाजासाठी. प्लेअर निवडताना हे मागचं तोंड कुणी बघत नाही. जुना रिसीव्हर असेल तर आधी तेच बघावं.

'इन्फो'त ३८४० बाय २१६० आलं, पण एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला जास्त मोठा फरक दाखवणारं चित्र, नाही. ती तर टीव्हीचीच कमाल. त्या सॉकेटला सेटिंगमध्ये जाऊन 'एन्हान्स्ड' म्हणून वेगळी परवानगी द्यावी लागते, कारखान्यातून ती बंदच येते. दिली. त्यानंतर लांबलचक जुन्या वायरीमुळे काळ्या प्रसंगात पांढरे ठिपके चमकायला लागले, दोन मीटरची वायर लावल्यावर गेले. वायरीबद्दल एवढंच सांगेन की तिच्यात जोर कमी पडला तर ठिपके येतात, चित्र जातं-येतं. पण महागडी वायर रंग खुलवते म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करावा.

पहिल्यांदा एचडीआर आलं तेव्हा प्रसंग बोगद्यातला होता. अंधारात आगपेटीची काडी पेटली आणि आईने डोळे किंचित मिटून घेतले, खरी काडी पेटल्यावर मिटतो तसे. मी पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होतो.

बारीकसारीक कटकटी सांगत बसलो तर पुरणार नाहीत. एक नवी डिस्क 'लोडिंग'वर अडकली, प्लेअरचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून अद्ययावत केल्यावर चालली; नव्या डिस्कच्या किल्ल्या बदलत असतात. परदेशातल्या मामेभावाने पाठवलेली ब्लू-रे चाललीच नाही, कारण जग ए, बी, सी अशा तीन प्रदेशांत वाटलेलं. अल्ट्रा एचडीत ही वाटणी नाही. एका मित्राने चळतभर डिस्क दिल्या, त्यातल्या दोन एचडी डीव्हीडी निघाल्या, म्हणजे ब्लू-रेशी स्पर्धा करणाऱ्या आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने हार मानली त्या बाजूच्या. शोभेला ठेवल्यात.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही आणि सुटणारही नाही. प्लेअरचा स्वतःचा मेनू ६० च्या ठेक्यावर, सिनेमा २४ च्या. त्यामुळे डिस्क सुरू झाली की टीव्ही आणि प्लेअर पुन्हा एकमेकांची ओळख करून घेतात आणि दोन-तीन सेकंद पडदा ठार काळा होतो. आधी आई दर वेळी विचारायची, "लाइट गेली का रे?" मी दर वेळी २४ आणि ६० चा हिशेब सांगायचो. परवा घरी पाहुणे होते. पडदा काळा झाला, पाहुणे चुळबुळले, मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा, ते दोघं ठेका जुळवतायत."